मधल्या पदाची फोड: संख्या गावत नाहीत तेव्हा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगी मराठी माध्यमातून दहावीला आहे. वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायचं असलं की दोन संख्या शोधण्यात पंधरा-वीस मिनिटं घालवते आणि शेवटी रडकुंडीला येते. परवा १२क्ष² − ७क्ष − १२ = ० वर अडली. ट्यूशनचे सर म्हणतात, अवयवांचा नाद सोड, सगळं सूत्राने कर. काय करावं?"

ताई, नाद सोडू देऊ नका. बेळगाव आणि आसपासच्या हायस्कुलांत तीस वर्षं मी हाच धडा शिकवला. "सर, नंबर गावंनात ओ," हे वाक्य दरवर्षी ऐकलं. हुशार पोरांच्या तोंडूनही ऐकलं. बहुतेकांची अडचण एकच असते. त्यांना वाटतं की या दोन संख्या नशिबाने सापडतात, ज्याला सुचलं त्याला सुचलं. तसं मुळीच नाही. तुमच्या मुलीच्या उदाहरणातल्या दोन संख्या कागदावर दोन ओळी लिहून अर्ध्या मिनिटात मिळतात. त्या कशा मिळतात ते खाली सविस्तर सांगतो, पण त्याआधी पायाची एक गोष्ट बघावी लागेल, कारण तिथेच कच्चं राहिलं तर पुढची फोड कितीही चांगली जमली तरी उपयोग नाही.

(पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं. मी आमच्या जुन्या सवयीने क्ष लिहितोय. मुलीने तिथे एक्स वाचावं.)

आपल्याकडच्या रोजच्या मापाचं उदाहरण घेऊ. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. समजा दहा गुंठ्यांची आयताकृती जागा आहे आणि तिची लांबी रुंदीपेक्षा ९९ फुटांनी जास्त आहे. रुंदी किती? फुटांत मांडलं तर क्ष² + ९९क्ष − १०८९० = ० असं अंगावर येणारं समीकरण होतं. पण ३३ फुटांची एक काठी धरली आणि सगळं काठीत मोजलं, तर क्षेत्रफळ १०, आणि ९९ फूट म्हणजे ३ काठ्या. रुंदी क्ष काठ्या, लांबी क्ष + ३ काठ्या. म्हणून

क्ष(क्ष + ३) = १०

हे फळ्यावर लिहिलं की वर्गातली निम्मी पोरं पुढची ओळ लिहितात: क्ष = १० किंवा क्ष + ३ = १०, म्हणजे क्ष = ७. एकदा एका मुलीने फळ्यावर असंच लिहिलं. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, "रुंदी दहा काठ्या धर बघू. लांबी किती?" "तेरा." "मग जागा किती गुंठ्यांची झाली?" ती थांबली. "एकशे तीस." खडू खाली ठेवून तिने पुसणं हातात घेतलं, पण नेमकी कुठली ओळ पुसायची ते तिला कळत नव्हतं. मग वर्गाला विचारलं: दोन संख्यांचा गुणाकार १० आहे, त्या संख्या कोणत्या? कोणी म्हणालं दोन-पाच, कोणी एक-दहा, मागच्या बाकावरून आवाज आला, "अर्धा आणि वीस." थांबायचं नावच नाही. आता गुणाकार शून्य आहे, मग? क्षणभर शांतता, आणि मग तीच मुलगी म्हणाली, "एक तरी शून्य पाहिजे."

अवयव पद्धतीचा सगळा जीव या वाक्यात आहे. गुणाकार दहा असेल तर एकेका अवयवाबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही. गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक शून्य असलाच पाहिजे, दुसरी वाटच नाही. म्हणून आधी सगळं डाव्या बाजूला आणायचं, उजवीकडे फक्त शून्य ठेवायचं, आणि मगच अवयव पाडायचे:

क्ष² + ३क्ष − १० = ०
(क्ष + ५)(क्ष − २) = ०
क्ष = −५ किंवा क्ष = २

जागेची रुंदी उणे नसते, म्हणून क्ष = २. दोन काठ्या, म्हणजे ६६ फूट रुंदी आणि १६५ फूट लांबी. गुणून बघा, १०८९० चौरस फूट येतात.

याच पायाची दुसरी बाजू सांगतो. ३क्ष² = १२क्ष असं आलं की मुलं दोन्हीकडे ३क्ष ने भागतात आणि क्ष = ४ लिहून मोकळी होतात. क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. त्या भागाकारात क्ष = ० हे उत्तर हरवतं. इथेही सगळं एका बाजूला: ३क्ष(क्ष − ४) = ०.

आता फोडीकडे येऊ. मुलांना सांगितलं जातं की पहिला सहगुणक (क्ष² च्या आधीची संख्या) आणि शेवटची संख्या यांचा गुणाकार करा आणि त्याचे असे दोन अवयव पाडा की बेरीज मधल्या सहगुणकाइतकी (क्ष च्या आधीच्या संख्येइतकी) येईल. हे का, ते फारसं सांगितलं जात नाही. कारण कळलं नाही की नियम डोक्यात टिकत नाही, आणि परीक्षेच्या वेळी पोरगं पहिला सहगुणक विसरून नुसत्या शेवटच्या संख्येचेच अवयव शोधत बसतं.

कारण तुमच्या दारातच आहे. भाताची खाचरं बघा. एक आयताकृती खाचर घ्या आणि त्यात एक उभा, एक आडवा बांध घाला. चार तुकडे होतात. खाचराच्या एका बाजूचे दोन भाग ३क्ष आणि २, दुसऱ्या बाजूचे दोन भाग २क्ष आणि ५. चार तुकड्यांची क्षेत्रफळं: ६क्ष², १५क्ष, ४क्ष आणि १०. पूर्ण खाचर म्हणजे (३क्ष + २)(२क्ष + ५) = ६क्ष² + १९क्ष + १०.

आता कोपऱ्यासमोरच्या कोपऱ्यातले तुकडे गुणा. ६क्ष² गुणिले १० म्हणजे ६०क्ष². उरलेले दोन, १५क्ष गुणिले ४क्ष, तेही ६०क्ष². हे जुळणारच, कारण दोन्ही गुणाकारांत त्याच चार लांब्या आहेत: ३क्ष, २, २क्ष आणि ५. फक्त जोड्या वेगळ्या लागल्या. अवयव पाडताना आपल्याकडे ६क्ष² आणि १० वेगवेगळे उरलेले असतात, पण १५ आणि ४ एकमेकांत मिसळून १९ झालेले असतात. मिसळलेले दोघे परत वेगळे करायचे आहेत. त्यांची बेरीज १९ आपल्याला दिसते, आणि त्यांचा गुणाकार ६० समोरच्या कोपऱ्यांतून कळतो. म्हणून पहिला गुणिले शेवटचा. मुलीला हे चित्र वहीत एकदा काढू द्या, बांधासकट.

आता तिचं समीकरण: १२क्ष² − ७क्ष − १२ = ०. गुणाकार −१४४, बेरीज −७. गुणाकार उणा आहे, म्हणजे एक संख्या अधिक आणि एक उणी, आणि मोठी संख्या उणी. चिन्हं बाजूला ठेवली तर प्रश्न एवढाच उरतो: गुणाकार १४४ येईल अशा दोन संख्या, ज्यांच्यातलं अंतर ७.

मुलं काय करतात? १ आणि १४४ पासून सुरुवात. मग २ आणि ७२, ३ आणि ४८, ४ आणि ३६, ६ आणि २४, ८ आणि १८. सहा जोड्या झाल्या तरी पत्ता नाही, एखादी वगळली की संपलंच. अंतर लहान हवं असेल तर मधून सुरुवात करायची. १४४ चं वर्गमूळ १२. १२ आणि १२ मध्ये अंतर शून्य. तिथून खाली सरका: ११ ने जात नाही, १० ने जात नाही, ९ ने जातं. ९ आणि १६, अंतर ७. झालं. अंतर मोठं हवं असेल तेव्हाच टोकाकडून सुरू करायचं. २क्ष² + ४७क्ष − २४ = ० मध्ये गुणाकार ४८ आणि अंतर ४७. इतकं अंतर टोकालाच मिळणार, ४८ आणि १.

पण माझी आवडती युक्ती याहून पक्की आहे, आणि ती मी आठवी-नववीपासूनच शिकवत आलो. गुणाकाराचे मूळ अवयव लिहा. १४४ = २ × २ × २ × २ × ३ × ३. आता मधल्या ७ कडे बघा. ७ ला २ ने भाग जात नाही. समजा चार २ पैकी काही एका संख्येत गेले आणि काही दुसरीत, तर दोन्ही संख्या सम होतील, आणि दोन सम संख्यांचं अंतर समच येईल, ७ कधीच येणार नाही. म्हणून चारही २ एकाच संख्येत गेले पाहिजेत: १६ अखंड. तसंच ३ चं. ७ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून दोन्ही ३ एकत्रच राहणार: ९ अखंड. आता १६ आणि ९ हे दोन गठ्ठे फोडायचे नाहीत. ते एकाच संख्येत टाकले तर १४४ आणि १, वेगळे टाकले तर १६ आणि ९. दोनच शक्यता उरल्या. पंधरा मिनिटांचं काम इथे संपलं.

मधल्या संख्येला त्या मूळ अवयवाने भाग जात असेल तर उलट: तो अवयव दोन्ही संख्यांत थोडा थोडा वाटला गेलाच पाहिजे. हे दोन्ही नियम बेरजेच्या उदाहरणालाही लागू पडतात आणि अंतराच्याही. मुलीने चार-पाच उदाहरणांत हे करून बघितलं की तिची भीती जाईल, असं मी अनुभवाने म्हणतो. शोधायला सुरुवात कुठून आणि थांबायचं कधी, हे दोन्ही कळलं की डोकं शांत राहतं.

पुढच्या ओळी तिला येत असतील, पण एक जागा दाखवतो:

१२क्ष² − १६क्ष + ९क्ष − १२ = ०
४क्ष(३क्ष − ४) + ३(३क्ष − ४) = ०
(३क्ष − ४)(४क्ष + ३) = ०
क्ष = ४/३ किंवा क्ष = −३/४

९क्ष आधी लिहिलं असतं तर? १२क्ष² + ९क्ष − १६क्ष − १२. पहिल्या दोघांतून ३क्ष(४क्ष + ३). पुढच्या दोघांतून −४ बाहेर काढायचा, आणि कंसात ४क्ष + ३ राहतं. इथे पोरं कंसात ४क्ष − ३ लिहितात, कारण डोळ्यांसमोर −१२ असतो. उणे बाहेर काढलं की आतलं चिन्ह बदलतं. दोन्ही कंस हुबेहूब सारखे आले नाहीत तर पुढे जायचंच नाही, मागे वळून चिन्ह बघायचं. कंस जुळणं ही या पद्धतीने दिलेली फुकटची तपासणी आहे. सूत्रात अशी वाटेतली तपासणी मिळत नाही.

आता ट्यूशनच्या सरांच्या म्हणण्याकडे येतो. सूत्र चुकीचं नाही. प्रत्येक वर्गसमीकरण सूत्राने सुटतं, अवयवांनी प्रत्येक सुटतंच असं नाही. त्यामुळे "आता सोडू का शोधणं?" हे ठरवायला एक कसोटी हवी, आणि ती विवेचकाची आहे. मधल्या सहगुणकाचा वर्ग, वजा चार गुणिले पहिला गुणिले शेवटचा. इथे ४९ + ५७६ = ६२५, म्हणजे २५ चा वर्ग. विवेचक पूर्ण वर्ग आला की पूर्णांकांत फोड होणारच, खात्रीने शोधा. २क्ष² − ५क्ष + १ = ० मध्ये २५ − ८ = १७. पूर्ण वर्ग नाही, शोधूच नका, सरळ सूत्र घ्या. आणि गंमत बघा, विवेचकाचं वर्गमूळ आलंच आहे तर त्या दोन संख्याही हातात आल्या: एकीकडे दोघींतलं अंतर ७, दुसरीकडे चिन्हं सोडून बेरीज २५. म्हणजे १६ आणि ९. हे मुलं स्वतःहून शोधतात तेव्हा मला फार आनंद होतो.

प्रश्नात "अवयव पद्धतीने सोडवा" असं लिहिलेलं असेल तर मात्र त्याच पद्धतीने सोडवायचं. सूत्राने आलेलं उत्तर बरोबर असलं तरी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. माझा आग्रह गुणांसाठी नाही, पुढच्यासाठी आहे. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर बहुपदी, असमानता, लिमिट या सगळ्या ठिकाणी अवयव पाडता यावे लागतात, आणि तिथे सूत्र प्रत्येक वेळी हाताशी येत नाही.

वर्गमुळं असलेले सहगुणक बघून मुलं घाबरतात. √३क्ष² + ८क्ष + ५√३ = ० घ्या. √३ गुणिले ५√३ म्हणजे १५. बेरीज ८, म्हणून ३ आणि ५. ३ म्हणजे √३ × √३ एवढं लक्षात ठेवलं की √३क्ष(क्ष + √३) + ५(क्ष + √३) असं सरळ पडतं.

दोन उत्तरांपैकी कोणतं ठेवायचं, यावर मुलं गडबडतात, आणि "उणं आलं की खोडा" असा नियम पाठ करतात. तो नियम अपुरा आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बीजगणित लिहिलं. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलंय. खानापूरच्या पश्चिमेला दिसतो तोच हा सह्याद्री. त्यांची वानरांची दोन उदाहरणं मी दरवर्षी वर्गात घेत असे. पहिलं: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतके वानर रानात खेळताहेत, उरलेले बारा डोंगरावर आहेत. कळप केवढा? (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. ७६८ म्हणजे आठ वेळा २ आणि एक ३. ६४ सम आहे, म्हणून २ दोन्हीकडे वाटायचे: ४८ आणि १६. दोन्ही उत्तरं चालतात. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, बरोबर ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, बरोबर १६.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येईल त्याच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले, एक फांदीवर दिसतोय. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०, उत्तरं ५० आणि ५. दोन्ही धन. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून तीन कसे वजा करणार? −२ वानर कुठे असतात? भास्कराचार्य इथे ५ हे उत्तर बाजूला ठेवतात आणि कारणही देतात, की अशा ठिकाणी ऋण संख्या लोकांना पटत नाही. म्हणजे उत्तराचं चिन्ह बघून खोडायचं नाही, उत्तर मूळ गोष्टीत परत घालून बघायचं. मुलीला हे दुसरं उदाहरण जरूर सोडवू द्या.

आपल्या भागातल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. शाळेत मराठी, ट्यूशनला कधी कन्नड कधी इंग्रजी, आणि पुढे सायन्सला गेलं की सगळं इंग्रजी. वर्गसमीकरणाला कन्नडमध्येही वर्ग समीकरणच म्हणतात, मुळांना (म्हणजे समीकरणाच्या उत्तरांना) मूल, त्यामुळे तिथे अडत नाही. पण आपण अवयव म्हणतो त्याला ते अपवर्तन म्हणतात, आणि मराठी विज्ञानात अपवर्तन म्हणजे प्रकाशकिरणाचं वाकणं. कन्नडमध्ये शिकवणाऱ्या सरांच्या ट्यूशनला गेलेली एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, गणितात भिंग कुठनं आलं?" ती आठवडाभर त्या शब्दापाशी अडून होती आणि विचारायला संकोचत होती. विवेचकाला कन्नडमध्ये शोधक म्हणतात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखून द्या: मराठी, कन्नड, इंग्रजी. अवयव, अपवर्तन, फॅक्टर. विवेचक, शोधक, डिस्क्रिमिनंट. नवा शब्द आला की तिथे लिहायचा. गणित तिला येतंय आणि शब्द अडवतोय, असं होऊ द्यायचं नाही.

सरावाबद्दल सांगायचं तर रोज वीस उदाहरणं नकोत. तीन पुरे, पण उलटसुलट. आधी तिने स्वतः दोन कंस मनाने लिहावेत, गुणावेत, आलेलं समीकरण वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून ठेवावं. दोन दिवसांनी ती चिठ्ठी काढून परत फोडावं. गुणताना मधली दोन पदं कशी मिसळतात ते हाताला कळलं की ती वेगळी करणंही हाताला कळतं. तुम्हाला गणित येत नसलं तरी हा सराव तुम्ही घेऊ शकता, कारण उत्तर तिच्याच मूळ वहीत असतं.

या आठवड्यासाठी माझ्याकडून चार देतो. ६क्ष² + ५क्ष − ६ = ०, १५क्ष² − २२क्ष + ८ = ०, २०क्ष² + क्ष − १२ = ० आणि ३क्ष² − ४क्ष − ५ = ०. यातल्या एकाचे अवयव पूर्णांकांत पडत नाहीत. ते कोणतं, हे तिने संख्या शोधायला बसण्याआधी विवेचक काढून ओळखायचं आहे. तिसऱ्याची सुरुवात मधून करायची, २४० च्या वर्गमुळाजवळून.